बेतणारा माणूस: लिओनिद कांतोरोविच

काटकोन

आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत एक शिंपी राहायचे. ब्लाउजपीस आलं की ते जमिनीवर पसरून नुसते बघत बसायचे. कात्रीला हात नाही. पाठ इथे, पुढचे दोन भाग उलटसुलट, बाह्या काठाकडे. बराच वेळाने म्हणायचे, "बेतलं." शिवणं त्याच्यानंतर. आपण कापडही बेततो आणि सहलीचाही बेतच करतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. परवा कांतोरोविच या सोव्हिएत गणितज्ञाबद्दल वाचताना आलं, म्हणून हा धागा.

जन्म १९ जानेवारी १९१२, सेंट पीटर्सबर्ग. वडील डॉक्टर, ते १९२२ मध्ये गेले. १९२६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा लेनिनग्राड (सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) विद्यापीठात गणित शिकायला दाखल झाला. अठराव्या वर्षी पदवी, बाविसाव्या वर्षी प्रोफेसर. तोवरचं काम सगळं शुद्ध गणितातलं, संचांचा सिद्धांत आणि मग फंक्शनल अ‍ॅनालिसिस. तेवढ्यावरही त्याचं नाव राहिलंच असतं.

१९३८ मध्ये प्लायवुड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतली माणसं सल्ला मागायला आली. प्लायवुड करताना आधी ओंडका फिरवत त्याची सलग पातळ साल काढतात, आपण पेन्सिलीला टोक काढतो तशी. अशी आठ मशीनं होती आणि पाच प्रकारचं लाकूड. कुठल्या मशीनवर कुठलं लाकूड किती उतरतं याचे आकडे तयार होते. प्रश्न एवढाच की कोणतं लाकूड कोणत्या मशीनवर किती वेळ चढवायचं, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात जास्तीत जास्त माल निघेल.

वाचायला सोपं वाटतं. पण कॉलेजातली नेहमीची पद्धत, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढा आणि शून्य ठेवा, इथे चालतच नाही. शक्य त्या सगळ्या वाटण्यांचा मिळून एक आकार कल्पिला, तर उत्तर त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर असतं आणि कोपरे अफाट. प्रत्येक कोपरा तपासायचा तर या एवढ्याशा गणितासाठी सुमारे शंभर कोटी समीकरणसंच सोडवावे लागले असते, असं पुढे त्यानेच लिहिलं आहे. तेही संगणक नसताना.

त्याने हे गणित सोडवलंच, शिवाय त्याच्या लक्षात आलं की शेतात कुठलं पीक कुठे घ्यायचं, रेल्वेने माल कुठून कुठे न्यायचा, पत्रा कसा कापायचा, ही सगळी याच घरातली भावंडं आहेत. १९३९ मध्ये लेनिनग्राड विद्यापीठाने त्याची छोटी पुस्तिका छापली, 'उत्पादनाच्या संघटनाच्या आणि नियोजनाच्या गणिती पद्धती'. आज ज्याला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात त्याचा जन्म तो. अमेरिकेत डँटझिग या गणितज्ञाने असली गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली ती १९४७ मध्ये.

पुस्तिकेतलं पहिलंच उदाहरण इथे देतो. एका वस्तूला दोन भाग लागतात, प्रत्येकी एक. मशीनं तीन जातींची आहेत.

मिलिंग मशीन, ३ नग. ठरावीक वेळात एक मशीन पहिला भाग १० करतं, नाहीतर दुसरा २०.
टरेट लेथ, ३ नग. पहिला २०, नाहीतर दुसरा ३०.
ऑटोमॅटिक टरेट लेथ, १ नग. पहिला ३०, नाहीतर दुसरा ८०.

जास्तीत जास्त किती जोड्या निघतील? बघा करून. उत्तर उद्या टाकतो.

⸻

पत्रेवाला

लेख भारी. माझं भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे, त्यामुळे प्रश्न घरचाच निघाला. शॉपमध्ये आपण जे करू ते करून बघितलं. प्रत्येक मशीनने आपापली जोडी पूर्ण करायची, भांडण नको. मिलिंगवर दोन तृतीयांश वेळ पहिला भाग. तीन मशीनच्या २० जोड्या. टरेटच्या ३६. ऑटोमॅटिकच्या जेमतेम २१. एकूण ७७. बरोबर का?

⸻

तिरकस

अंथरूण पाहून पाय पसरावे एवढं सांगायला रशियन प्रोफेसर लागला? आमची आजी फुकटात सांगायची.

⸻

काटकोन

@तिरकस, आजीने अंथरूण सांगितलं. एका अंथरुणात पाच जण कसे झोपवायचे ते यानं सांगितलं.

@पत्रेवाला, ७७ हाच त्या पुस्तिकेतलाही 'साध्या वाटणी'चा आकडा आहे. पण ते सर्वोत्तम नाही.

⸻

मधली_सुट्टी

मी बारावीला गणित शिकवते. एलपीपी, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगचे प्रश्न, म्हटलं की मुलं आलेखावर दोन रेषा मारतात, रंगवलेल्या भागाचे कोपरे तपासतात आणि चार गुण घेऊन पुढे जातात. हे कुणाच्या डोक्यातून आणि कशासाठी निघालं, ते पुस्तक सांगत नाही. खरं सांगायचं तर मलाही प्लायवुडचं माहीत नव्हतं.

उत्तर ८६. टरेट लेथ तिन्ही फक्त पहिला भाग करतील, झाले ६०. ऑटोमॅटिक फक्त दुसरा, झाले ८०. मिलिंगने बहुतेक वेळ पहिला भाग करायचा, ते २६, आणि उरलेल्या वेळात दुसरे ६. पहिले ८६, दुसरे ८६. नवीन मशीन नाही, जादा पाळी नाही, तरी ७७ चे ८६.

आता खरी गंमत. मिलिंग मशीन दोन्ही भाग करतंय. त्याच्या वेळात पहिले १० किंवा दुसरे २०. म्हणजे या बेतात एक पहिला भाग दोन दुसऱ्या भागांच्या तोलाचा ठरला. हा २ चा भाव धरा आणि बाकीच्या मशीनना विचारा. टरेटवर पहिले २० म्हणजे किंमत ४०, दुसरे ३० म्हणजे ३०. पहिलाच करा. ऑटोमॅटिकवर पहिले ३० म्हणजे ६०, दुसरे ८० म्हणजे ८०. दुसराच करा. एक आकडा हातात आला की प्रत्येक मशीनवरचा माणूस आपलं आपण ठरवू शकतो, वरून कुणी सांगायला नको. कांतोरोविच या आकड्यांना 'सोडवणारे गुणक' म्हणायचा. शंभर कोटी कोपरे टाळले ते यांच्या जोरावर.

⸻

पत्रेवाला

मधली_सुट्टी बाई, दंडवत. हा २ चा भाव आला कुठून? बाजारातून तर नाही आला. कुणी दिलाही नाही.

⸻

काटकोन

पत्रेवालेभाऊ, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. भाव बेतातूनच निघाला. कुठली गोष्ट किती अडलेली आहे यावरून. आणि सोव्हिएत संघात हे म्हणणं धोक्याचं होतं. मार्क्सच्या मते वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमातून येतं. इथे एक गणितज्ञ म्हणतोय की टंचाईच्या मशीनच्या तासालाही भाव आहे, जमिनीलाही आहे, आणि तो धरला नाही तर नियोजन चुकेल.

मध्ये युद्ध आलं. सप्टेंबर १९४१ पासून लेनिनग्राडला वेढा. शहराला अन्न पोचवायचा उरलेला मार्ग म्हणजे लाडोगा सरोवर, आणि हिवाळ्यात त्याच्या गोठलेल्या पाठीवरून ट्रक. कांतोरोविच तेव्हा नौदलाच्या अभियांत्रिकी शाळेत शिकवत होता. बर्फ किती जाड, थंडी किती, ट्रकचं वजन किती, तर दोन ट्रकमध्ये अंतर किती ठेवायचं, हा हिशेब त्याच्याकडे होता. तो स्वतः ट्रकांच्या मधून बर्फावर चालला असं सांगतात. १९४२ मध्ये त्या शाळेबरोबर तो यारोस्लाव्हलला हलवला गेला आणि तिथे त्याने अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेला ही पद्धत लावणारं पुस्तक लिहून काढलं. बाहेर युद्ध, उपासमार, आणि हा टंचाईचं गणित मांडतोय.

हस्तलिखित नियोजन मंडळापर्यंत, म्हणजे गोसप्लानपर्यंत पोचलं. तिथे चर्चा झाली आणि सूर असा लागला की अर्थशास्त्रात हे असलं गणित वापरतात ते भांडवलशाहीवाले, आणि इटलीत पारेतोसारखे अर्थशास्त्रज्ञ, ज्यांच्याशी मुसोलिनीचं नाव जोडलं जातं. त्या काळात असा शेरा बसणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पुस्तक पेटीत गेलं. छापून आलं १९५९ मध्ये. सतरा वर्षं!

त्यातही 'किंमत' हा शब्द त्याने टाळला. 'वस्तुनिष्ठपणे ठरलेली मूल्यांकनं' असं लांबलचक बारसं केलं.

⸻

निवृत्त_लालबावटा

मी तरुणपणी सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत पडीक असायचो. मीर प्रकाशनाची जाड बांधणीची गणिताची पुस्तकं वडापावच्या भावात मिळत. माझ्यासारख्या पोरांनी विज्ञान शिकलं ते त्यांच्यामुळे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच कबूल करतो.

पण चित्र एकतर्फी होतंय. ज्या व्यवस्थेने पुस्तक पेटीत घातलं, तिनेच चौदा वर्षांच्या मुलाला विद्यापीठात घेतलं. १९४९ मध्ये त्याला स्टालिन पुरस्कार दिला, फंक्शनल अ‍ॅनालिसिससाठी. १९६४ मध्ये अकादमीचं पूर्ण सदस्यत्व, १९६५ मध्ये नेमचिनोव्ह आणि नोवोझिलोव्ह या अर्थशास्त्रज्ञांबरोबर लेनिन पुरस्कार, आणि तो याच आर्थिक कामासाठी. हा लपूनछपून जगलेला बंडखोर नव्हे.

⸻

काटकोन

लालबावटाकाका, मान्य. पण १९४९ चा पुरस्कार शुद्ध गणिताला होता. प्लायवुडच्या प्रोफेसरचं कौतुक नको होतं, फंक्शनल अ‍ॅनालिसिसच्या प्रोफेसरचं चालत होतं, आणि दोघे एकाच कोटात फिरत होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पातल्या आकडेमोडीसाठीही त्याला घेतलं होतंच. गणित हवं होतं, फक्त किमतीला हात लावायचा नाही.

बदल स्टालिन गेल्यावर झाला. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी संगणक आले, सायबरनेटिक्सवरचा, म्हणजे यंत्रांच्या नियंत्रणाच्या शास्त्रावरचा, बहिष्कार उठला. १९६० मध्ये तो नोवोसिबिर्स्कला, सायबेरियात जंगल साफ करून वसवलेल्या विज्ञाननगरीत गेला आणि १९७१ पर्यंत तिथे होता. मग मॉस्को.

⸻

तिरकस

म्हणजे शेवटी बाजारच जिंकला. कम्युनिस्टांनी भाव नाकारला, तो गणितातून मागल्या दाराने आला. मला हसू येतंय.

⸻

मधली_सुट्टी

थांबा हो तिरकस. त्याला बाजार आणायचाच नव्हता. त्याला नियोजन नीट करायचं होतं. आज तुमच्या आवडत्या खाजगी कंपन्याच हे गणित सगळ्यात जास्त वापरतात. विमान कुठल्या मार्गावर उडवायचं, रिफायनरीत कुठलं कच्चं तेल कशात मिसळायचं, हे कंपनीच्या आतलं नियोजनच आहे. आत बाजार भरत नाही.

⸻

पत्रेवाला

पत्रा कापायचं काय झालं? काटकोनने पहिल्या लेखात उल्लेख करून सोडून दिलं. आम्ही नेस्टिंग सॉफ्टवेअर वापरतो. पत्र्यावर जॉब कसे मांडायचे ते ते दाखवतं. तरी कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे उरतातच, ते भंगारात.

⸻

काटकोन

अरे हो, तो किस्सा राहूनच गेला. १९४८-४९ च्या सुमाराची गोष्ट. लेनिनग्राडमध्ये येगोरोव्हच्या नावाचा रेल्वेडब्यांचा कारखाना होता. कांतोरोविच आणि त्याचा तरुण सहकारी झाल्गालर यांनी तिथे पत्रा बेतायची पद्धत लावली. वाया जाणारा पत्रा चांगलाच कमी झाला. पुढचं असं सांगतात की कारखान्याला भंगार लोखंड जमा करायचाही सरकारी कोटा होता. पत्रा वाया जाईना, तर भंगार कुठून येणार? कोटा चुकला, वरून विचारणा झाली. शिवाय पुढच्या वर्षीच्या योजनेत यंदाच्यापेक्षा आणखी सुधारणा दाखवायची अट. सुधारायला उरलंय काय?

या दोघांनी १९५१ मध्ये माल कापण्याच्या गणितावर पुस्तक लिहिलं. तुमच्या नेस्टिंग सॉफ्टवेअरचे आजोबा समजा.

⸻

पत्रेवाला

भंगाराचा कोटा!! हसू नका, आमच्याकडेही असतं हे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमचा दर ठरवताना पंधरा टक्के वेस्टेज गृहीत धरलं होतं. आम्ही कमी करून दाखवलं, तर पुढच्या वर्षी दर तेवढ्यानेच कापला. भागीदार म्हणाला, तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण दाखवायला?

⸻

निवृत्त_लालबावटा

बघा, म्हणजे रोग एकट्या समाजवादाचा नव्हे.

⸻

तिरकस

काका, एक गोल तुमचा.

⸻

उसवण

उशिरा येतेय. आई शिवणकाम करते, त्यामुळे 'बेतलं' वाचून हा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, रेषेत कापड सगळेच बसवतात, काठ आला की खरी परीक्षा. काठ एकाच बाजूला, आणि बाह्यांना तोच हवा. मग बाह्या आधी, बाकी उरल्यात. म्हणजे काठाचा भाव मोठा, असं मी तिला सांगितलं तर म्हणे, "ते मला चाळीस वर्षं माहितीये, तू आत्ता शिकलीस."

एक विचारायचं होतं. नोबेल मिळालं ना याला? गणिताला तर नोबेल नसतं.

⸻

काटकोन

उसवणताई, आईंना नमस्कार सांगा. त्यांनी जे सांगितलं ते मी तीन परिच्छेदांत सांगितलं.

नोबेल अर्थशास्त्राचं, १९७५, अमेरिकेतल्या त्यालिंग कूपमन्सबरोबर विभागून. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा एकमेव सोव्हिएत नागरिक. कूपमन्स मूळचा डच. युद्धात जहाजांच्या वाहतुकीचं हेच गणित त्यानेही स्वतंत्रपणे मांडलं होतं. रशियात कुणीतरी आपल्याआधी हे केलंय हे पन्नाशीच्या दशकात कळल्यावर त्याने पत्र लिहिलं आणि १९३९ च्या पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर १९६० मध्ये छापून आणण्यात पुढाकार घेतला. दुसऱ्याचा मान आपणहून पुढे करणारा माणूस. बक्षिसात डँटझिगला वगळलं याचंही त्याला फार लागलं होतं.

त्याच वर्षी शांततेचं नोबेल साखारोव्हला होतं. तोही सोव्हिएत, तोही शास्त्रज्ञ, पण सरकारवर उघड टीका करणारा. त्याला देशाबाहेर जाऊ दिलं नाही, ओस्लोला पत्नी येलेना बॉनेर हिने पदक स्वीकारलं. कांतोरोविचला स्टॉकहोमला जाता आलं. एका डिसेंबरातल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की लालबावटाकाकांचं आणि माझं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, म्हणून ठेवून गप्प बसतो.

७ एप्रिल १९८६ रोजी मॉस्कोत गेला. १९९१ मध्ये देशही गेला.

⸻

निवृत्त_लालबावटा

भांडत नाही. पण त्याच्या पद्धती देशभर लागू का झाल्या नाहीत, हे कुणी लिहा. तिथेच माझ्या पिढीचं दुखणं आहे.

⸻

मधली_सुट्टी

प्रयत्न करते. एक म्हणजे आकार. मशीन तीन जातींची असली की वहीवर होतं. सगळ्या देशाच्या वस्तू लाखोंनी. त्या काळच्या संगणकांना ते झेपणारं नव्हतं. दुसरं जास्त अवघड. आकडे खरे कोण देणार? आपली मशीनं किती काढू शकतात हे कारखान्याने खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी कोटा वाढणार. मग सगळेच हातचं राखून सांगणार. पत्रेवाल्यांच्या भागीदाराने तेच सांगितलं की. गणित अचूक, पण आत घातलेले आकडेच खोटे.

काही सुटे उपयोग मात्र झाले. टॅक्सीचं भाडं बघा. बसल्याबसल्या काहीतरी रक्कम आणि मग किलोमीटरमागे दर, म्हणजे चालकाला जवळचं भाडंही परवडतं. मॉस्कोत साठीच्या दशकात अशी दररचना आली त्यामागे कांतोरोविचच्या गटाचा हिशेब होता.

आणि ज्या कामाकडे अर्थशास्त्रज्ञांचं लक्षच नव्हतं ते आज सगळ्यात पुढे गेलंय. १७८१ मध्ये फ्रान्सच्या मोंज या गणितज्ञाने विचारलं होतं की मातीचा ढीग इथून उचलून तिथले खड्डे भरायचे तर कमीत कमी ओढाताण कशी होईल. प्रश्न दीडशे वर्षं अडून बसला, कारण मोंजच्या मांडणीत प्रत्येक कण अख्खा एकाच जागी जायला हवा. कांतोरोविचने १९४२ मध्ये म्हटलं, वाटून जाऊ दे की थोडा इकडे, थोडा तिकडे. गाठ सुटली. गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालेल्या व्हिलानी आणि फिगाली यांनी याच विषयात मोठं काम केलं, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवाले दोन चित्रसंचांमधलं अंतर मोजायला हेच मोजमाप वापरतात. युद्धाच्या वर्षात लिहिलेला चारदोन पानांचा निबंध!

⸻

उसवण

"थोडा इकडे, थोडा तिकडे" हे आईला कळलं. चोळीला जोड देतात तसं, म्हणाली.

⸻

पत्रेवाला

वाखूसा (वाचनखूण साठवली). आता माझा हिशेब ऐका. काल रात्री वही घेऊन बसलो. एका जॉबला एक ब्रॅकेट आणि एक झाकण लागतं. नवं मशीन तासाला ब्रॅकेट ६० काढतं किंवा झाकणं ९०. जुनं मशीन ब्रॅकेट ४० किंवा झाकणं ३०. आजवर दोन्ही मशीनं आपापल्या जोड्या पूर्ण करायची. नवं ३६, जुनं १७, एकूण ५३.

बाईंच्या पद्धतीने केलं. जुनं मशीन फक्त ब्रॅकेट, ४०. नवं दोन तृतीयांश वेळ झाकणं, ६०, आणि उरलेल्या वेळात ब्रॅकेट २०. जोड्या ६०. भावही काढला, एक ब्रॅकेट म्हणजे दीड झाकण. दोनदा तपासलं. वर जुन्या मशीनची डाय बदलायची भानगडच मिटली, तो वेळ अजून धरलेलाच नाही.

अडचण एकच. ब्रॅकेटचं काम नाजूक, नव्या मशीनवर जास्त वेळ तेच चालायचं म्हणून तिथला ऑपरेटर जरा ताठ असायचा. आज सकाळी सांगितलं की आता तू बहुतेक झाकणं काढायची. रुसलाय. दुपारचा चहा घेतला नाही माझ्याबरोबर. त्याच्या रुसव्याला कुठला गुणक लावायचा, बाई?

⸻

मधली_सुट्टी

तो अभ्यासक्रमात नाही. चहा परत विचारून बघा.